माझ्या आजारपणाचं सूप दौलतनं प्यायलं

डॉक्टरांनी नुकतीच तुमच्या हातात ती जाड फाइल दिली असेल, आणि घरी जाऊन कुणाला काय सांगायचं हे ठरत नसेल, तर हे तुमच्यासाठी आहे. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही. त्यातलं मला फारसं कळलं नाही आणि जे कळलं ते विसरलो. मी छत्तीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे कुठे लांबण लागली तर सांभाळून घ्या. माझ्या बायकोचं, शालिनीचं म्हणणं असं की आजारानं आवाज नेला, पण पाल्हाळ मात्र जसंच्या तसं ठेवून गेला.

आवाजाचा माज

खरं तेच सांगतो, मला माझ्या आवाजाचा माज होता. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेतला शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, माझा आणि इतरांसाठी करायची मध्यस्थीची प्रार्थनाही माझीच. चर्चच्या दारापाशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी असेल तो चिठ्ठी लिहून त्यात टाकतो, आणि मंडळीचा सेक्रेटरी या नात्यानं त्या चिठ्ठ्या मी वाचतो. मग मी प्रार्थना करायचो. माईक लागायचा नाही. एकेक शब्द निवडून, वाक्याला वाक्य जोडून, पंधरा-वीस मिनिटं. मागच्या बाकावरची लहान मुलं तेवढ्यात एक झोप काढून उठत. मला वाटायचं, देव खूश आहे.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या तरुण पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुचवलं की इतरांनीही पुढे यावं. एका रविवारी दौलत उठला. दौलत सहा दिवस घरांच्या भिंती रंगवतो आणि रविवारी पहाटे येऊन घंटा वाजवतो, सतरंज्या घालतो. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बापा, तू कसा हाएस गा?" बायकांच्या बाजूला हसू फुटलं. उपासना संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. देवापुढे नीट बोलावं, असं समजावलं. पुढच्या रविवारी एक सुंदर प्रार्थना सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "यापुढे हे वाचत जा." त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. "हो सर," म्हणाला. पुन्हा तो कधी उठला नाही. मला वाटलं, चला, एक काम झालं.

सदरचा दवाखाना

गेल्या नाताळात माझा आवाज बसला. नाताळात आमच्या अख्ख्या मंडळीचाच आवाज बसतो, कारण आठ दिवस घरोघरी जाऊन गाणी गातात. त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. नवीन वर्ष लागलं, सगळ्यांचे घसे सुटले, माझा काही सुटेना. शालिनीनं मला जवळजवळ ओढतच सदर भागातल्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेलं. नाकातून कॅमेरा झाला, घशातला तुकडा तपासायला गेला, आठ दिवस वाट पाहण्यात गेले.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर खुर्ची सरकवून जवळ बसले. डॉक्टर असे जवळ येऊन बसले की माणसाला सगळं कळतंच.

"सर, कॅन्सर आहे. पण गाठ लहान आहे, तुम्ही वेळेत आलात. सहा-सात आठवडे रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील."

मी विचारलं, "आवाज?"

"आधी तुम्हाला बरं करू. आवाज राहील, पण कसा राहील ते आज नाही सांगता येणार."

मला जिवाची भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती नंतर, घरी गेल्यावर, आंघोळ करताना. त्या क्षणी मनात एकच आलं, रविवारी आता कोण वाचणार? बाहेर आलो तर स्कूटर कुठे लावली तेच आठवेना. शालिनी फुटपाथवरच्या गाडीवर संत्री निवडत उभी होती. मी चिडलो. "तुला संत्री सुचतात?"

"उद्या बी खायचंच आहे ना," ती म्हणाली. तिनं प्रत्येक फळ दाबून पाहिलं.

संध्याकाळची प्रार्थना

आमच्या घरी रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना होते. चौतीस वर्षं ती मीच केली. त्या संध्याकाळी मी, शालिनी आणि मुलगी रूथ असे तिघं बसलो. रूथ कळमेश्वरच्या एमआयडीसीत लॅबमध्ये काम करते, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मी तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. एवढी भाषा शिकवली, एकही ओळ कामी येईना.

मग शालिनी बोलली. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं मी तिची बोली दुरुस्त करायचो, तेव्हापासून ती माझ्यासमोर मोठ्यानं प्रार्थना करायचीच नाही. ती म्हणाली, "देवा, मी घाबरून राहिली आहे. तू बी इथंच बस." एवढंच. आमेन.

आम्ही तिघंच होतो, तरी खोलीत कुणीतरी चौथं बसलं आहे असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी मराठीचा मास्तर आहे, शब्द जपून वापरतो, म्हणून सांगतो की हे मी सजवून लिहीत नाही.

चिठ्ठी

"मंडळीत चिठ्ठी टाकू का?" शालिनीनं विचारलं.

"नाही."

"काहून? तुमचं नाव घेऊन कोणी प्रार्थना केली तं तुमचं काय बिघडते?"

माझं खूप बिघडत होतं. इतकी वर्षं आजारी माणसांसाठी मी हात वर केले होते. उपासनेनंतर "बिचारा" हा शब्द कसा फिरतो ते मला ठाऊक होतं, कारण तो फिरवण्यात मीही असायचो. मला बिचारा व्हायचं नव्हतं. पण प्रार्थना तर हवी होती. तेव्हा मी एक शहाणपणा केला. स्वतःच चिठ्ठी लिहिली: एका बंधूच्या घशाला गंभीर आजार झाला आहे, त्याचं नाव देव जाणतो. ती पेटीत टाकली आणि रविवारी मीच काढून मीच वाचली. मग त्या बंधूसाठी, म्हणजे माझ्यासाठी, मी अशी काही प्रार्थना केली की बसलेल्या घशानंही लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. दाराशी दोघातिघांनी विचारलं, "सर, कोण हो तो?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "सांगता येत नाही, गोपनीय असतं."

सूप

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी शालिनी महिला मंडळाच्या बैठकीहून परत आली. पदर तोंडाला लावून खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मला वाटलं, ताणानं हिचं काहीतरी झालं.

"अहो," ती म्हणाली, "तो घशाचा बंधू दौलत आहे म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"सगळ्याच. किती वाळला, किती खोकते, म्हणे. पंधरा दिवसांच्या पाळ्या लागल्या आहेत. रोज एक घर त्याले डबा देऊन राहिलं. आज माझी पाळी होती. मी तुमच्यासाठी आणलेल्या बकऱ्याच्या पायांचं सूप त्याच्या घरी देऊन आली."

दौलत जन्मापासून वाळकाच आहे, आणि भिंती घासताना उडणाऱ्या चुन्यानं त्याला खोकला असतोच. मंडळीनं आपले दोन आणि दोन चार करून टाकले होते.

शालिनीनं डोळे पुसले आणि आवाज बदलला. "येत्या रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाही तं मी उभी राहते."

रूथ आतून ओरडली, "आई उभी नाही राहिली तर मी राहते!" त्या दिवशी घरात माझ्या बाजूनं कुणी नव्हतं.

दौलतच्या अंगणात

मंडळीला सांगण्याआधी दौलतला सांगणं भाग होतं. शनिवारी सकाळी गेलो. चर्चच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. अंगणात उन्हाला बसला होता, गळ्यात कुणीतरी दिलेला नवा मफलर, हातात स्टीलचा ग्लास.

"या सर, या! पाहा नं, मंडळीले काय झालं समजतच नाही. रोज डबा येऊन राहिला. कामावर जातो म्हणलं तं नको जाऊ म्हणते. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, माह्या डोक्यावर हात ठेवून रडले."

"तू विचारलं नाहीस, कशासाठी म्हणून?"

"विचारलं नं. तं म्हणते, तुले सगळं माहीत आहे, हिंमत ठेव. मंग मलेच भेव लागलं. काल थर्मामीटर घेऊन आलो."

मी हसलो नाही, हसायचं अवसानच नव्हतं. जमेल तसं सगळं सांगितलं. चिठ्ठी कुणाची, आजार कुणाला, नाव का नाही लिहिलं. दौलतनं ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे सर, पंधरा दिवस सगळे माह्या नावानं मागून राहिले, अन् तुमच्या नावानं कोणीच नाही?"

"कुणीच नाही."

"अरे बाप्पा! देवाले चुकीचा पत्ता देल्ला न तुमी. थांबा." आणि तो तिथंच, शेणानं सारवलेल्या अंगणात, गुडघ्यावर बसला. एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "बापा, आयक गा. मंडळीनं माह्यासाठी जे जे मागतलं, थे सगळं सरले दे. मले काई नाही झालं. सरले भेव लागून राहिलं, थ्याइच्या संग राय. सूप मातर मी पेलो, थ्याले आता इलाज नाही. आमेन."

मी रडलो. साठी ओलांडलेला माणूस, सगळी गल्ली बघत होती, तरी रडलो. आणि तो कागद मला आठवला. म्हटलं, "दौलत, मी तुला ती प्रार्थना लिहून दिली होती, ती चूक झाली. माझं ऐकून तू उठायचं बंद केलंस."

"थो कागद?" तो लाजल्यासारखा हसला. "थो तं मी वाचलाच नाही सर. मले वाचता येत नाही."

"अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी इतक्या मायेनं लिहून देल्लं होतं. सांगतलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं."

नम्रतेवर मी कितीतरी वेळा चर्चमध्ये बोललो आहे, टिपणं काढून. ती तीन वर्षं आमच्या सतरंज्या घालत होती आणि मला दिसली नव्हती.

सांगून टाकलं

रविवारी चिठ्ठ्या वाचून झाल्यावर मी म्हणालो, "दोन आठवड्यांपूर्वीची ती चिठ्ठी माझी होती. आजार मला आहे. दौलत ठणठणीत आहे." मग महिला मंडळाच्या बाजूनं स्पष्ट आवाज आला, "मंग सूप?" आणि जे हसू उसळलं, ते मी आजवर आमच्या उपासनेत ऐकलेलं नाही. मीही हसलो. पाळकसाहेब हसत हसत खाली आले, त्यांच्यामागे एकेक करत सगळे आले. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर हात पडले. कुणाची तरी बांगडी चष्म्याला लागली. घामाचा, खोबरेल तेलाचा, मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला. सगळे एकदम प्रार्थना करत होते, आपापल्या बोलीत, कुणी हिंदीत, कुणी नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणत. माझं नाव इतक्या तोंडांतून मी पहिल्यांदाच ऐकलं. बिचारा झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मुखवटा आणि मुकेपण

शेक घ्यायची जागा हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती. चेहरा आणि मान हलू नये म्हणून माझ्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला होता. आपण आडवं व्हायचं, तो चेहऱ्यावर बसवून टेबलाला पक्का करतात. पहिल्या दिवशी जीव घाबरा झाला. "काका, हलू नका, मी काचेपलीकडेच आहे," तिथली ताई म्हणाली आणि दार लागलं. आत मोठी प्रार्थना रचायची असं मी ठरवून गेलो होतो. रचता आली नाही. नुसतं "बापा, तू बी इथंच राहा" असं मनात म्हणत राहिलो. रोज तेवढंच. तेवढं पुरलं.

घरी बोलायची बंदी होती. रूथनं एक वही आणि पेन दिलं. एकदा जेवणावरून माझी चिडचिड झाली. गिळताना घसा सोलल्यासारखा दुखायचा आणि शालिनी "अजून दोन घास" म्हणत मागे लागायची. मी रागानं पानभर लिहिलं, तीन शब्दांखाली रेघा ओढल्या आणि तिच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "चश्मा सापडत नाही. उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी वाचून मलाच हसू आलं. पण तुम्हाला खरं सांगायला हवं, ते आठवडे तिला माझ्यापेक्षा जड गेले. मी आडवा पडायचो, ती बसायची. एका दुपारी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडताना दिसली. बोलता येत नव्हतं, म्हणून मी जाऊन शेजारी बसलो. बोलता येत असतं तर मी काहीतरी उपदेश केला असता.

रांगेत माझ्या पुढचा नंबर वच्छलाबाईंचा असायचा. बौद्ध बाई, पांढरंशुभ्र लुगडं, सत्तरीच्या पुढे. रोज "जयभीम गुरुजी" म्हणायच्या, मी हात जोडायचो. मला गिळता येत नाही हे पाहून त्यांनी एक दिवस थर्मासमधून पातळ, गार आंबील आणली. ती विनातक्रार घशाखाली गेली. त्या म्हणाल्या, "तुमच्या देवाले माह्यासाठी बी सांगजा." मी त्यांचं नाव वहीत लिहून त्यांना दाखवलं. त्यांचे शेक माझ्याआधी संपले, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या रांगेला पेढे वाटले आणि तंत्रज्ञ ताईला सूनबाई मिळाल्यासारखं कवटाळलं.

नवा आवाज

शेक संपल्यावर काही आठवड्यांनी मी बोललो. घरात कुणी नसताना, भांड्यांच्या फळीसमोर उभा राहून. जो आवाज निघाला तो रिकाम्या पिंपावरून पोतं ओढावं तसा होता. मी खोटं बोलणार नाही, वाईट वाटलं. आजही एखाद्या रविवारी गाणं सुरू झालं की वाटतं. दौलत म्हणाला, "सर, आता तुमचा आवाज आमच्यासारखा झाला," आणि त्याच्या लेखी ते कौतुक होतं.

मध्यस्थीची प्रार्थना आता वेगवेगळे लोक करतात. दौलतची दोन मिनिटांत होते. तो देवाची खुशाली विचारतो आणि मग एकेकाचं नाव घेतो, एकही विसरत नाही. मी पुढच्या बाकावर बसून ऐकतो, आणि मला फार आनंद होतो. इतका, की आधीच्या वर्षांचं हसू येतं.

मे महिन्यातली तपासणी

मेमध्ये पुन्हा कॅमेरा झाला. डॉक्टर म्हणाले, "सगळं स्वच्छ आहे, सर. आवाज मात्र आता हाच." मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर आलो. रूथ औषधं आणायला गेली. हॉलमध्ये कूलर घरघरत होता. समोरच्या बाकावर एक नवरा-बायको होते. माणूस पन्नाशीचा, दणकट, मांडीवर नवीकोरी फाइल. तो जमिनीकडे पाहत होता. बायको बोलकी होती. काटोलहून पहिल्या बसनं आले होते. नवरा फळबाजारात हर्रास बोलतो, संत्र्यांच्या ढिगापाशी उभं राहून भाव पुकारतो. सकाळपासून त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता.

"दादा, तुमाले बी घशाचंच का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बाईनं नवऱ्याचा दंड धरला. "अहो, आयकलं का? निंगते! आवाज निंगते थ्याइचा!"

तो माणूस उठला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. घोगऱ्या आवाजात, हळू म्हणाला, "अजून बोला नं."

"काय बोलू?"

"काईबी."

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. मुखवट्याची, आंबिलीची, दौलतनं प्यायलेल्या सुपाची. सुपापाशी त्याची बायको खळखळून हसली. मग मी त्याचं नाव विचारलं आणि म्हणालो, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?"

"करा," तो म्हणाला. "पण मनात नका करू. मोठ्यानं करा."

मी डोळे मिटले आणि त्या भरल्या हॉलमध्ये, कूलरच्या आवाजावर चढून, माझ्या फाटक्या आवाजात देवाला त्याचं नाव सांगितलं. मध्ये एकदा आवाज तुटला, तेव्हा डोळे उघडले. त्याची बायको हात जोडून, डोळे मिटून बसली होती. त्यानं मात्र मिटले नव्हते. तो माझ्या घशाकडे टक लावून पाहत होता, आणि हसत होता.